धारूरचा कैदी आणि पडद्यावरील हेर

गुंतागुंतीच्या हेरकादंबरीवरून तयार झालेला चित्रपट पाहण्याजोगा आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ करमणुकीचा वाटतो आणि त्याचे उत्तरही बहुधा त्याच दृष्टीने दिले जाते. कथानक समजले तर चित्रपट साधला. मध्यंतर झाले तरी कोण कोणाचा माणूस हे उमगेना, तर तो फसला, असा निकाल प्रेक्षक देऊन मोकळे होतात. ही कसोटी आम्हांस मान्य नाही. हेरकथेचा खरा विषय संशय हा आहे. तो कोणावर पडतो, कोणास वगळून पुढे जातो आणि त्याची किंमत अखेर कोण देतो, हे ज्या कृतीत दिसते ती कृती ग्रंथ असो वा चित्रपट, आदरास पात्र होय. आमचे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून प्रथम आमच्याच बीड जिल्ह्यातील एक जुनी हकीकत सांगून मग लंडनकडे वळतो.

धारूरचा किल्ला आदिलशाही सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकात बांधला. पुढे तो मोगलांच्या ताब्यात गेला. याच धारूरात ऑक्टोबर 1666 मध्ये नेताजी पालकरास कैद करण्यात आले. ज्यास लोक प्रतिशिवाजी म्हणत, तो शिवाजी महाराजांचा सरनोबत मोगलांच्या छावणीत, मोगलांचा मनसबदार असताना, मोगलांकडूनच पकडला गेला. या एका वाक्यात जितकी गुंतागुंत आहे, तितकी पुष्कळशा कादंबऱ्यांत आढळत नाही.

प्रसंग असा घडला. जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला आणि मराठी फौज मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापूरच्या स्वारीवर निघाली. जानेवारी 1666 मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर घातलेला हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोहोचला नाही, म्हणून महाराजांनी त्यास दूर केले, असे बखरकार सांगतात. नेताजी विजापूरकरांस मिळाला व मोगली मुलखात धामधूम करू लागला. तेव्हा जयसिंगाने मार्च 1666 मध्ये पाच हजारी मनसब, जहागीर व 38,000 रुपये रोख देऊन त्यास आपल्याकडे ओढले. त्याच महिन्यात महाराज आग्र्यास निघाले. 12 मे रोजी दरबारातील तो प्रसिद्ध प्रसंग झाला, आणि ऑगस्टच्या मध्यास महाराज पहाऱ्यातून निसटले.

आग्र्याचा पिंजरा रिकामा झाला, त्याचा घाव धारूरावर पडला. नेताजी आता पळून आपल्या जुन्या धन्यास मिळेल, या भयाने औरंगजेबाने त्याच्या अटकेचा हुकूम पाठविला. त्यास उत्तरेस नेण्यात आले. 1667 मध्ये तो मुसलमान होऊन मुहंमद कुलीखान झाला आणि पुढे काबूलकडील मोहिमांवर पाठविला गेला. 1676 मध्ये तो महाराष्ट्रात परतला व स्वधर्मात घेतला गेला. संशयाचा हा वणवा नेताजीपाशीच थांबला नाही. आग्र्यास महाराजांबद्दल हमी घेणारा जयसिंगाचा पुत्र रामसिंग याजवर बादशहाची मर्जी खप्पा झाली. आणि ज्याने पुरंदरचा तह घडवून आणला तो जयसिंगही दक्षिणेतून परत बोलाविला जाऊन 1667 मध्ये बऱ्हाणपुरात मरण पावला.

आता मुख्य प्रश्न असा, की मोगलांकडे गेलेला नेताजी कोणाचा माणूस होता? तो खरोखर रुसून गेला, की महाराजांनीच त्यास पेरला? दुसऱ्या तर्कास मराठी मनात फार गोड जागा आहे. तथापि साधनांकडे पाहावे तर जयसिंगाच्या पत्रांचा ‘हफ्त अंजुमन’ हा संग्रह शत्रुपक्षाच्या चिटणिसाच्या हातचा. बखरी पुष्कळ पुढच्या. आणि गुप्त मसलत ही नावाप्रमाणेच कागदावर न उतरणारी. त्याच्या अटकेचा आदेश निघाला तो गुन्हा शाबीत झाला म्हणून नव्हे, तर पुढे तो काय करील या भीतीने. तो बाहेरून आलेला होता, आणि तेवढे कारण पुरेसे ठरले.

याच्या नेमकी उलट गोष्ट विसाव्या शतकात लंडनमध्ये घडली. किम फिल्बी हा ब्रिटिश हेरखात्यातील वरिष्ठ अधिकारी. त्याचा जन्म 1912 मध्ये आपल्याच देशात, अंबाला येथे झाला. आणि ‘किम’ हे लाडके नाव किपलिंगच्या कादंबरीवरून पडले. हा गृहस्थ अनेक वर्षे सोव्हिएत रशियाचा हेर होता. 1951 मध्ये त्याचे दोन सहकारी रशियात पळाले, तेव्हा संशय त्याजवरही आला. परंतु 1955 मध्ये परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी पार्लमेंटात त्यास निर्दोष ठरविण्यासारखे निवेदन केले. 1963 मध्ये तो बैरूतहून मॉस्कोस पळाला, तेव्हा कोठे शंका उरली नाही. तो चांगल्या कुळातला, केंब्रिजमध्ये शिकलेला, क्लबात बसणारा, थोडक्यात म्हणजे ‘आपल्यातला’ होता. धारूरात पुराव्यावाचून शिक्षा झाली. लंडनात संशय येऊनही अभय मिळाले. दोन्हीकडे न्यायाधीशाच्या आसनावर पुरावा बसलाच नव्हता. तेथे आपपरभाव बसला होता.

फिल्बीच्या या प्रकरणाची छाया जॉन ल कारे यांच्या ‘टिंकर, टेलर, सोल्जर, स्पाय’ या 1974 च्या कादंबरीवर आहे. लेखक स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेले. खात्याच्या शिखरावर बसलेल्या मूठभर माणसांपैकी एक शत्रूचा आहे. तो शोधण्याचे काम जॉर्ज स्मायली या नोकरीवरून दूर केलेल्या, वयस्क व अबोल गृहस्थावर येते. स्मायली पिस्तूल घेऊन धावत नाही. तो एका साध्या हॉटेलात बसून जुनी दप्तरे वाचतो, जुन्या माणसांस बोलते करतो आणि एकाच्या आठवणीस दुसऱ्याची आठवण लावून पाहतो. मोडी दप्तरांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या इतिहाससंशोधकांस हा मनुष्य परका वाटू नये.

अशा ग्रंथाचे चित्र कसे करावे? बी.बी.सी.ने 1979 मध्ये सात भागांची मालिका केली, व तीत ॲलेक गिनेस स्मायली झाले. 2011 मध्ये टोमास आल्फ्रेडसन यांनी तेच कथानक सुमारे दोन तासांच्या चित्रपटात बसविले. त्यात स्मायली गॅरी ओल्डमन आहेत. एवढ्या अवकाशात ग्रंथाचे पुष्कळ गळून पडणे अपरिहार्य होते. ग्रंथातील चेकोस्लोव्हाकियातला प्रसंग बुडापेस्टमध्ये गेला. संशयितांपैकी काही जण नावापुरते उरले. ज्याने ग्रंथ वाचलेला नाही, त्याची पहिल्या अर्ध्या तासात तारांबळ उडते, ही तक्रार खोटी नाही.

परंतु जे मिळाले तेही पाहिले पाहिजे. प्रारंभी स्मायली बराच वेळ एक शब्द बोलत नाही. नोकरी सुटल्यावर तो चष्मा बदलतो, आणि पुढे जुना चष्मा दिसला की प्रसंग पूर्वीचा, हे चाणाक्ष प्रेक्षकास न सांगता कळते. शत्रूचा प्रमुख कार्ला याचा चेहरा दाखविलेलाच नाही. स्मायली त्याच्या भेटीची हकीकत रिकाम्या खुर्चीकडे पाहून सांगतो. सर्वांत मोलाची भर म्हणजे हेरखात्यातील नाताळची मेजवानी. ती पुनःपुन्हा दाखविली आहे. सगळे एकत्र खातात, पितात, थट्टेने शत्रूचेच राष्ट्रगीत गातात. ‘आपल्यातला’ म्हणजे काय, आणि त्या उबेत बसलेल्यास आपल्याच मित्राकडे संशयाने पाहणे किती जड जाते, हे ती मेजवानी शब्दांवाचून सांगते. आमच्या कसोटीस चित्रपट येथे उतरतो.

मराठी प्रेक्षकास ही रीत नवी वाटण्याचे कारण आहे. बाबुराव पेंटरांनी 1923 मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. 1933 मध्ये व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी त्याच कथेचा बोलपट केला. त्या चित्रपटांचे ऋण मोठे आहे. तथापि त्या परंपरेने आमच्या डोळ्यांस एक सवय लावली. शूर कोण व दुष्ट कोण, हे पात्र पडद्यावर येताक्षणी कळावे, ही ती सवय होय. तानाजीच्या कथेस ती शोभते, कारण तेथे निष्ठा उघड आहे. नेताजीच्या कथेस ती मारक ठरेल. त्यास पहिल्याच दृश्यात फितूर दाखविले वा पेरलेला स्वामिनिष्ठ हेर दाखविले, तर साधनांनी जे सांगितले नाही ते पडद्याने सांगितल्यासारखे होईल. आणि धारूरच्या मुलांस पुढे तोच इतिहास वाटेल.

म्हणून आमचा निर्वाह असा : हा चित्रपट अवश्य पाहावा. शक्य असल्यास ग्रंथ आधी वाचावा. न वाचल्यास चित्रपट दोनदा पाहण्याची तयारी ठेवावी. कथानक पहिल्या खेपेस हाती लागले नाही म्हणून त्यास दोष देऊ नये. ज्यांच्यावर तो प्रसंग गुदरला, त्यांच्या तरी ते कोठे हाती लागले होते? मात्र एक भेद विसरू नये. कादंबरीकारास अखेर गुन्हेगाराचे नाव द्यावेच लागते, आणि चित्रपटही ते देतो. इतिहासावर तशी सक्ती नाही. नेताजीच्या मनात काय होते, हे धारूरचा किल्ला सांगत नाही. परंतु दहा वर्षांनी परतलेल्या त्या माणसास महाराजांनी जवळ केले, ही गोष्ट पक्की आहे. बादशहाने संशय पुरेसा मानला. महाराजांनी तो पुरेसा मानला नाही. हेरकथा ग्रंथात वाचा वा पडद्यावर पाहा, हा फरक ओळखण्याची दृष्टी तिने दिली, तर खर्चिलेला वेळ सार्थकी लागला असे समजावे.