कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल: एकाच प्रजातीची इतकी रूपं कशी?

एक सोपा प्रश्न. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स या सहा भाज्या मिळून वनस्पतींच्या प्रजाती किती? उत्तर आहे, एक! सगळ्यांचं शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरेसिया. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या घराण्याची वंशावळ बघितली की मला कोडबेसच आठवतो, म्हणून आज त्याच भाषेत समजून घेऊया.

एक अँड्रॉइड, अनेक स्किन

सॅमसंगच्या फोनमध्ये वन यूआय असतं, शाओमीच्या फोनमध्ये हायपरओएस. दिसायला वेगळे, पण आत अँड्रॉइडच. इथेही तसंच आहे. २०२१ च्या एका जनुकीय अभ्यासानुसार ही प्रजाती पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरात माणसाळली असावी. शेतकरी पिढ्यानपिढ्या आवडलेल्या झाडाचंच बी राखत गेले. मोठी पानं निवडली, केल मिळाला. शेंड्याची घट्ट मिटलेली पानं निवडली, कोबीचा गड्डा झाला. फुगलेलं खोड म्हणजे नवलकोल, पानांच्या बेचक्यातले छोटे गड्डे म्हणजे ब्रसेल्स स्प्राउट्स आणि न उमललेल्या कळ्यांचा झुपका म्हणजे ब्रोकोली.

फ्लॉवरची गंमत तर प्रोग्रामरला लगेच कळेल. फुलं घडवणाऱ्या काही जनुकांमध्ये बदल झाल्यामुळे झाड फूल करायला जातं, ते अर्धवट राहतं आणि त्या जागी नवा कोंब येतो. तोही फूल करायला जातो आणि अडकतो. थोडक्यात, थांबायची अट नसलेलं रिकर्शन!

यू चा त्रिकोण

आता नातेवाईकांकडे वळू. १९३५ मध्ये जपानमध्ये काम करणाऱ्या यू नागाहारू यांनी गुणसूत्रांची संख्या आणि संकराचे प्रयोग यांवरून हे नातं मांडलं. डीएनएची रचना तेव्हा कुणालाच माहीत नव्हती! खालचे आकडे गुणसूत्रांच्या एका संचाचे आहेत.

तीन मूळ प्रजाती:
• ए: ब्रॅसिका रापा, १० (शलगम, चिनी कोबी, पाक चोय)
• बी: ब्रॅसिका नायग्रा, ८ (काळी मोहरी)
• सी: ब्रॅसिका ओलेरेसिया, ९ (वरच्या सहा भाज्या)

त्यांच्या जोड्यांतून झालेल्या तीन प्रजाती:
• ए + बी: ब्रॅसिका जुन्सिया, १८ (भारतात सगळ्यांत जास्त पिकणारी मोहरी)
• ए + सी: ब्रॅसिका नापस, १९ (कॅनोला तेलाचं पीक)
• बी + सी: ब्रॅसिका कॅरिनाटा, १७ (इथिओपियन मोहरी)

बेरीज करून बघा, बरोबर जुळते. दोन प्रजातींच्या संकराला सहसा बी धरत नाही. इथे मात्र गुणसूत्रं दुप्पट झाली आणि दोन्ही संच पूर्ण टिकले. जणू एकाच फोनमध्ये दोन ऑपरेटिंग सिस्टिम, आणि दोन्ही चालू. म्हणजे कोबीच्या भाजीला मोहरीची फोडणी दिली की नातेवाईकच एका कढईत येतात.

इतकी रूपं शक्य का झाली?

लाखो वर्षांपूर्वी या घराण्याच्या पूर्वजात पूर्ण जनुकसंच तिप्पट झाला होता. पुढे बऱ्याच प्रती गळून गेल्या, काही उरल्या. एक प्रत मूळ काम सांभाळत असेल तर दुसरीत बदल झाला तरी झाड मरत नाही. बॅकअप असला की आपणही बिनधास्त प्रयोग करतो ना, तसंच.

मग धोका कुठे आहे?

रूपं भरपूर असली तरी एकेका शेतातली विविधता कमी होत चालली आहे. आज बाजारातला बराचसा कोबी आणि फ्लॉवर एफ-१ संकरित बियाण्यांचा असतो. गड्डे एकसारखे आणि एकाच वेळी तयार होतात, त्यामुळे विकायला सोपे. पण सगळ्या फोनवर एकच बिल्ड असेल तर एकच व्हायरस सगळ्यांना पुरतो.

क्लबरूट या रोगाचं उदाहरण घ्या. यात मुळांना गाठी येतात आणि रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. चिनी कोबीला याचा मोठा फटका बसला. प्रतिकार करणारी जनुकं सापडली ती युरोपातल्या शलगमच्या काही वाणांत. दोघंही ब्रॅसिका रापा, त्यामुळे साध्या संकरातून ती चिनी कोबीत आणता आली. कुणी फारसं न विचारणारे ते शलगम आधीच नष्ट झाले असते तर हा पॅच आणायचा कुठून? शिवाय रोगही नवे प्रकार काढतो, म्हणजे पॅच पुन्हा पुन्हा लागणार. म्हणूनच दिल्लीतल्या राष्ट्रीय जनुक बँकेसारख्या ठिकाणी जुन्या वाणांचं बी थंडीत जपून ठेवतात. जुनं वाण डिलीट झालं की रिसायकल बिन नसतो.

ओळखायची सोपी ट्रिक

मुळा, मोहरी किंवा नवलकोल फुलावर आलेला दिसला तर कॅमेरा झूम करा. चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या मांडलेल्या दिसतील. भाजी कशीही दिसो, फुलावरून घराणं लगेच कळतं!