श्रीमंत कोण? सातबारा कुणाचा?

मैत्रिणींनो, चाकणकडं पूर्वी श्रीमंती मोजायची ती कणगीतल्या धान्यावर, दावणीच्या बैलांवर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग कारखाने वाढले. मग महिन्याचा पगार आणणारा श्रीमंत ठरला. पुढं चाकणला एमआयडीसी आली, जमिनीला भाव चढला, जमीन विकणाऱ्यांच्या दारात गाड्या उभ्या राहिल्या.

पण त्यात बाईचं काय? आंबेठाणच्या शरद जोशींनी हे आधीच ओळखलं होतं. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली. अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका हक्क दिला.

तेव्हा घरात किती लाख आले हे मोजण्याआधी सातबारा काढा, आपलं नाव शोधा. आणि हक्कसोडपत्र वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.