वतनाची जमीन राखणारी आमची आजी



विहाराच्या स्मरणिकेत आपण पुढाऱ्यांवर लिहितो, सत्याग्रहांवर लिहितो, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण पुरुष मंडळी सभेला गेली, मोर्चात गेली, तेव्हा मागं शेत कुणी सांभाळलं, चूल कुणी पेटती ठेवली, हा इतिहास कुणी लिहायचा? ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ काढून चळवळीतल्या स्त्रियांची नोंद घेतली. माझी आजी सभेत कधी बोलली नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात शेतीत आणि संसारात तिची हयात गेली. तिचं नाव कोणत्याच ग्रंथात येणार नाही, म्हणून हे चार शब्द.

आधी नव्या पिढीला वतन म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. वतन म्हणजे मान, असं आपल्याच काही जुन्या माणसांना वाटायचं. खरं पाहता ती वेठबिगार होती. सरकारी सांगावा पोचवायचा, अंमलदाराचं ओझं वाहायचं, मयताची बातमी गावोगाव न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. रात्र म्हणू नये, पाऊस म्हणू नये. मोबदला काय, तर बलुतं आणि इनामी जमिनीचा एक तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून उरलेला. परमपूज्य बाबासाहेबांनी ही गुलामी ओळखली आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. ते त्या वेळी पुढं गेलं नाही. अखेर १९५८ साली कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही वतनं बंद झाली. बाबासाहेब ते पाहायला राहिले नव्हते.

त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वारं खेडोपाडी पोचलं. आजीने देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. आपल्या लोकांनी गावकीची कामं टाकली, तसं बलुतंही बंद झालं. सुगीला खळ्यावरून मिळणारं धान्य गेलं. स्वाभिमान आला, पण कणगी रिकामी झाली. ती भरायची जबाबदारी बायांवर पडली.

वतन खालसा झालं तरी जमीन फुकट आपल्या नावावर होत नव्हती. सरकारात ठरावीक रक्कम मुदतीत भरली तरच ती परत मिळायची. आजोबा म्हणाले, "ह्या तुकड्यापायीच आपण गुलाम झालो. जाऊ दे तो." आजी म्हणाली, "गुलामी कामाची व्हती, मातीची न्हवं. काम सुटलं, आता माती आपली." तिने दंडातली चांदीची वाकी आणि दोन शेरडं विकली आणि पैसे भरायला लावले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने हा फरक ओळखला, ही लहान गोष्ट नाही.

त्या दीड एकरात तिने ज्वारी, हुलगा, मटकी काढली. १९७२ च्या दुष्काळात रान पेटल्यासारखं झालं, तेव्हा ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. परदेशातून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढले, पण जमीन गहाण टाकली नाही.

त्याचं मोल १९८२ साली कळलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपली माणसं बहुतेक सूतखात्यात. विणाई खात्यात धोट्याचा तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथं आपल्याला पूर्वी शिरकावच नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपातच हा सवाल केला होता. खोलीत दाणा उरला नाही तेव्हा वडील आम्हाला घेऊन गावी गेले. मी तेव्हा शाळकरी पोर. एकूण अकरा माणसं आजीने त्या दीड एकरावर जगवली. आधी पोरांना, मग मोठ्यांना, शेवटी उरलं तर स्वतःला, हा तिचा नेम. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, पण आमच्या घरात कुणी उपाशी झोपलं नाही.

आता मुद्द्याचं. ज्या जमिनीसाठी तिने अंगावरची चांदी उतरवली, तिच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव कधीच लागलं नाही. आजोबांच्या मागं मुलांची नावं लागली. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला वाटा दिला होता आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा केला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्याचंच हे फळ. आणि आपण काय करतो? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावतो आणि त्याच्याखाली बसून बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतो!

आमच्या घरात यंदा आत्यांची नावं लावण्यासाठी अर्ज दिला आहे. भावकीत थोडी कुरबूर झाली, होऊ द्या. वाचकांना एवढीच विनंती, की या वर्धापनदिनानंतर गावी जाल तेव्हा सातबारा काढून बघा. त्यात आईचं, बहिणीचं नाव आहे का ते पाहा. नसेल तर तलाठ्याकडे जा.

माती राखणाऱ्या आमच्या आजीला आणि तिच्यासारख्या असंख्य मायमाउलींना विनम्र अभिवादन.

जयभीम! नमो बुद्धाय!