मिरवणूक आणि मोर्चा

वर्धापनदिनाची मिरवणूक ठरली तेव्हा एका मुलीने मला विचारले, "आजी, मिरवणूक आणि मोर्चा यांत फरक काय हो?"

‘मिरवणूक’ आली ‘मिरवणे’वरून, म्हणजे शोभणे, दिमाखाने दाखविणे. गणपतीची मिरवणूक, नवरदेवाची मिरवणूक. शाळेतली ‘कवायत’ अरबी ‘कवाइद’वरून, म्हणजे नियम. ‘मोर्चा’ फारसीतून आला. गंमत अशी की, त्याच्या मूळ अर्थात चालणे नाहीच! किल्ल्याला वेढा घालताना खंदक खणून तोफांसाठी धरलेली जागा, तो मोर्चा. ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून टिकून आहे.

गिरगावातील चाळीच्या गॅलरीतून मिरवणुका बघण्यात माझे बालपण गेले. पुढे १९७२ नंतरच्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या हाकेसरशी हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांत मीही होते. ‘लाटणे मोर्चा’ म्हणत त्याला. पाय चालत होते, पण लढत होतो ती जागा स्वयंपाकघराचीच. त्या शब्दाचा जुना अर्थ मला तेव्हा उमगला.

म्हणून यंदा नटूनथटून मिरवू या. वेळ आली तर मोर्चा लावायलाही मात्र कचरू नये.