पत्राकाम, जुन्या मोटारगाड्यांच्या अंतर्भागाचे

मोटारगाडीच्या आतील डॅशबोर्ड, तळपत्रे, गिअरबॉक्सवरील आच्छादन, आसनाखालील पेटी, दारांची आतील बाजू इ. भाग धातूच्या पत्र्यापासून घडविण्याचे काम. ज्या गाड्यांचे उत्पादन बंद झाले आहे व ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, त्यांच्या दुरुस्तीत असा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे व बहुधा एकाच नगापुरता करावा लागतो. तो कितपत साधेल, हे कारागिराच्या कौशल्याइतकेच मूळ भाग कोणत्या रीतीने बनविला होता यावर अवलंबून असते. त्यामुळे या भागांच्या निर्मितीचा इतिहास माहीत असल्याशिवाय हे काम नीट करता येत नाही.

डॅशबोर्ड ही घोडागाडीची देणगी होय. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडविण्यासाठी सारथ्यापुढे बसविलेली फळी, हा त्याचा मूळ अर्थ. आरंभीच्या मोटारींची बांधणीही बग्ग्या बांधणाऱ्यांकडेच होती. लंडनच्या हूपर, बार्कर यांसारख्या पेढ्या कारखान्याकडून आलेल्या चासीवर लाकडी सांगाडा उभारीत आणि त्यावर हाताने ठोकलेले पत्रे बसवीत. या पद्धतीत कोणत्याही दोन गाड्या तंतोतंत सारख्या नसत. उलट, एकाने हातोडीने घडविलेला भाग दुसऱ्याला हातोडीने पुन्हा घडविता येई.

दाबयंत्रामुळे ही स्थिती पालटली. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एडवर्ड जी. बड यांनी १९१२ मध्ये कंपनी स्थापन केली आणि जोसेफ लेडविंका यांच्या साहाय्याने सर्व-पोलादी बॉडी बनविण्यास आरंभ केला. तिचे तंत्र फ्रान्समध्ये सीत्रोएन कंपनीने १९२४ मध्ये उचलले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळील काउली येथे १९२६ मध्ये बड यांच्याच सहभागाने प्रेस्ड स्टील ही कंपनी निघाली. दोन साच्यांमध्ये दाबलेला पत्रा काही सेकंदांत दोन्ही दिशांनी वळतो, ताणला जातो व ताठ होतो. मात्र साच्यांची जोडी अतिशय महाग असल्याने हजारो नग काढल्याशिवाय ती परवडत नाही. पुढे दर्शकांची भोके, कडांच्या पन्हळी व गोलाई एकाच तुकड्यात असलेले डॅशबोर्ड रूढ झाले. १९३० नंतरच्या अनेक अमेरिकन गाड्यांत या पोलादावर लाकडाच्या रेषा छापीत असत. ज्या लाकडाला पोलादाने हुसकावले, त्याचेच सोंग घेण्याचा हा प्रकार गमतीचा खरा; पण आज ती छपाई पुन्हा साधणे हे पत्रा घडविण्याहूनही जिकिरीचे ठरते. उघड्या धातूचे हे युग फार टिकले नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींच्या अंतर्भागाला आघातसुरक्षेचे मानक लागू झाले व डॅशबोर्डावर मऊ आच्छादन आले.

उत्पादन थांबले की साचे बहुधा भंगारात जातात, आणि तेथेच पुढच्या पिढीची अडचण सुरू होते. याला एक ठळक अपवाद आहे. १९६२ ते १९८० या काळात निघालेल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीचे मूळ साचे शोधून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून तिच्या संपूर्ण बॉड्या नव्याने काढल्या. इतर बहुतेक गाड्यांच्या वाट्याला हे भाग्य आलेले नाही. त्यांच्या दुहेरी वक्रतेच्या भागांचे तुकडे पाडून ते वेगवेगळे घडवावे, वितळजोडाने सांधावे व सांधा मठारून सपाट करावा लागतो.

लँड रोव्हरची गोष्ट निराळी आहे. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम मांडली गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादावर नियंत्रण होते. रोव्हर कंपनीला महागडे साचेही टाळायचे होते. म्हणून बॉडीसाठी बर्माब्राइट ही ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची मिश्रधातू निवडली आणि बहुतेक भाग सपाट पत्र्याला साध्या घड्या घालून केले. आसनाखालील पेटी हे याचे उत्तम उदाहरण आहे. टंचाईपोटी आलेला हा साधेपणा पुढे वरदान ठरला. कारण पट्टी, कातर व घडी घालण्याचे यंत्र असलेल्या कोणत्याही कारखान्यात ती पेटी करता येते. मात्र ॲल्युमिनियम पोलादी भागाला जेथे टेकते, तेथे ओलाव्यामुळे विद्युत् रासायनिक क्षरण होऊन पांढरी भुकटी धरते. नवा भाग बसविताना दोन धातूंमध्ये रंगाचा किंवा लुकणाचा थर ठेवला नाही, तर तोही त्याच वाटेने जातो.

साध्या घडीतही हिशेब चुकवून चालत नाही. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून गाडीत बसवून पाहतात. १ मिमी. जाडीच्या पत्र्याला आतून १ मिमी. त्रिज्येची काटकोनी घडी घातली, तर बाहेरून ५० व ३० मिमी. भरणाऱ्या दोन बाजूंसाठी ८० नव्हे, तर सु. ७८·२ मिमी. रुंद पत्रा घ्यावा लागतो. पाच-सहा घड्यांच्या पेटीत हा फरक दुर्लक्षिला, तर बोल्टची भोके जुळत नाहीत. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकताना कठीण होत जातो व अखेर तडकतो. म्हणून तो मधून मधून तापवून मऊ करतात. या धातूचा रंग तापताना बदलत नसल्यामुळे त्यावर साबण घासतात आणि साबण काळसर झाला की ज्योत काढून घेतात. उथळ गोलाईसाठी वाळूची पिशवी व लाकडी हातोडा, तर मोठ्या पृष्ठासाठी दोन चाकांमध्ये पत्रा फिरवून ताणणारे यंत्र वापरतात. पुण्याच्या तांबट आळीतील भांड्यांवरचे मठारकाम पाहिलेल्यास यातील तत्त्व अपरिचित वाटणार नाही.

भारतातील जुन्या गाड्यांत या कामाची खरी कसोटी तळपत्र्यांत लागते. अँबॅसडर आणि मुंबईच्या कुर्ला येथे बनलेली प्रीमियर पद्मिनी यांना वेगळी चासी नाही. बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. पावसाळ्यात पायपुसण्याखाली मुरलेल्या पाण्याने गंजलेला तळ हे केवळ आच्छादन नसून भार वाहणारा भाग असतो. त्यावर रिव्हेटांनी ठिगळ मारले, तर गाडी दिसायला बरी राहते. पण दारांच्या फटी हळूहळू बदलतात आणि टकरीच्या वेळी प्रवाशांचे संरक्षण होत नाही. असा तळ बदलताना बॉडीला आतून तात्पुरते आधार देऊन मगच जुना पत्रा कापावा लागतो. मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून निघाली; आता उरलेल्या पद्मिनी खाजगी मालकांच्या निगेवरच अवलंबून आहेत.

नवा पत्रा किती घालावा, हा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्यासाठी चासी, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. त्यामुळे मूळ मापाचा, मूळ जाडीचा व मूळ जागीच सांधलेला भाग आणि सोयीसाठी बदललेला भाग यांत काटेकोर फरक करावा लागतो. जाणकार कारागीर कापण्यापूर्वी छायाचित्रे व मापे घेतात, नव्या भागाच्या अदृश्य बाजूवर वर्ष कोरतात आणि काढलेला गंजका तुकडाही जपून ठेवतात. पुढील दुरुस्तीच्या वेळी मूळ घड्यांचे माप त्यावरूनच मिळते.