बाबासाहेबांचा रुक्ष प्रबंध

बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तिथला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध किती जणांनी उघडलाय? मी इथे एम.एस. करूनही चाळिशीनंतर उघडला.

विषय रुक्ष: ब्रिटिश हिंदुस्थानातला प्रांतांचा जमाखर्च. १८३३ च्या कायद्याने तिजोरीच्या किल्ल्या कलकत्त्याला गेल्या. खर्च करायचा प्रांतांनी, पैसा उभा करायचा मध्यवर्ती सरकारने. मग काटकसर करतो कोण? १८७० साली लॉर्ड मेयोने पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांच्या हवाली केली. आपण याला सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणून मोकळे होऊ. बाबासाहेब होत नाहीत. अधिकार वरूनच आलेले, तेव्हा प्रांत हा मुखत्यारच राहिला, हे ते आकडे मांडून दाखवतात. मला तर हा भाग एखाद्या खटल्यासारखा वाटला.

असा अभ्यास केलेला माणूस १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाला, तर त्याला राहायला कोणी जागा देईना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढलं.

प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये छापला गेला. प्रस्तावना त्यांचे कोलंबियातले गुरू प्रा. सेलिग्मन यांची, आणि अर्पण सयाजीराव महाराजांना.