गोऱ्हा ते घरातली कुत्री: वऱ्हाडातील नसबंदी
वऱ्हाडात खच्चीकरण म्हटले की पूर्वी गोऱ्हाच डोळ्यांपुढे येई. औताला जुंपण्याआधी त्याला आडवा पाडून, पाय बांधून वृषण बडवत. वेदनेचा हिशेब कोणी ठेवत नसे. विसाव्या शतकात इटालियन बर्डिझो चिमटा आला आणि कातडी न फाडता नस दाबता येऊ लागली. कुत्रीला असा सोपा मार्ग नाही. पोट उघडावेच लागते. 2001 च्या केंद्रीय नियमांनी भटक्या कुत्र्यांची नसबंदी रीतसर केली. अमरावती-अकोल्यातल्या घरगुती पॉमेरेनियन कुत्रीचा प्रश्न वेगळा. दोन-तीन किलोच्या जिवाचे भुलीत अंग गार पडते, साखर उतरते. शस्त्रक्रिया टाळावी तर पुढे गर्भाशयात पू होण्याची, पिल्लू अडण्याची भीती. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था असल्याने निदान विचारायला जाणकार जवळ आहेत.